ग्रहणाचे दान आणि ग्रहणाचे दर्शन

सूर्यग्रहणाचा इतिहास बहुधा खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींवरून लिहिला जातो. कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणी दुर्बीण लावली आणि त्यास काय दिसले, हे त्या इतिहासात असते. तो इतिहास महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच दिवशी, त्याच आकाशाखाली काही माणसे दारे-खिडक्या लावून घरात बसली होती, आणि काही माणसे झोळी घेऊन गावातून ओरडत फिरत होती. त्यांचे ग्रहण कसे होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आमच्या समाजाचा ग्रहणाशी शतकानुशतके आलेला संबंध झोळीचा होता. म्हणून महाराष्ट्रात ग्रहण कोणी पाहिले आणि कोणाला पाहू दिले गेले नाही, याचा विचार आम्ही येथे त्या झोळीपासून आरंभणार आहोत.

दे दान, सुटे गिराण

ग्रहण लागले की गावकुसाबाहेरची महार-मांग माणसे गावात येत आणि 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी देत. आमच्या पिढीतील पुष्कळांनी ही हाळी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली आहे. काहींनी ती बालपणी स्वतःच्या कानांनीही ऐकली आहे. घरातून कोणी जुने लुगडे टाकी, कोणी मूठभर धान्य, कोणी एखादा पैसा. राहू-केतू यांचे नाते मांग-महार जातींशी जोडले गेले होते. सूर्याला ग्रासणारा जो, त्याचे आप्त हे. तेव्हा यांना काही दिले म्हणजे तो सूर्याला सोडील, असा त्या दानामागचा समज होता.

या समजाची रचना नीट पाहिली पाहिजे. ग्रहणकाळी ब्राह्मणालाही दान मिळत असे. राष्ट्रकूट, शिलाहार, यादव यांच्या काळातील ताम्रपटांत सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी ब्राह्मणांना भूमी अथवा गाव दिल्याचे उल्लेख आढळतात. त्या दानाने दात्याला पुण्य मिळे आणि घेणाऱ्याची प्रतिष्ठा वाढे. अस्पृश्याला दिलेल्या दानाची गोष्ट अगदी उलट होती. त्यातून दात्याची पीडा बाहेर जाई, आणि ती पीडा वाहून नेणारा म्हणून घेणारा अधिकच अशुभ ठरे. एकाच आकाशातील एकाच छायेचे दोन अर्थ लावले गेले. एकास गाव मिळाले, दुसऱ्यास अंगावरून उतरविलेले वस्त्र मिळाले, आणि वर सूर्य गिळणाऱ्याचा वंशज हे दूषणही मिळाले.

याच्या शेजारी नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख ठेवून पाहावा. भिक्षुसंघाला लेणे दान दिल्याचा तो लेख आहे. त्यात पुळुमावी राजाचे १९ वे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष आणि तेरावा दिवस असा काळ दिला आहे. ऋतू, पक्ष, दिवस, एवढेच. दानासाठी आकाशातील संकटाची वाट पाहावी लागली नाही, आणि दान घेणाऱ्याच्या माथी कोणाची पीडाही आली नाही.

पालि वाङ्मयातील ग्रहण

बौद्ध वाङ्मय ग्रहणाकडे कसे पाहते? येथे सोयीचे तेवढे सांगून गैरसोयीचे झाकणे योग्य होणार नाही. संयुत्तनिकायात सुरियसुत्त व चन्दिमसुत्त अशी दोन छोटी सुत्ते आहेत. राहू असुरिंदाने पकडलेला सूर्य देवपुत्र बुद्धाला शरण जातो, बुद्ध राहूला त्यास सोडण्यास सांगतात, आणि भयभीत राहू त्यास सोडून वेपचित्तीकडे पळतो, अशी त्यांतील कथा आहे. थेरवादी देशांत ही सुत्ते परित्त म्हणून म्हटली जातात. राहूची कल्पना त्या काळी सर्वत्र रूढ होती आणि ती पालि वाङ्मयातही शिरली, हे मान्य केले पाहिजे. तथापि या कथेत दान नाही, स्नान नाही, सोवळे-ओवळे नाही. राहूला कोणतीही जातही नाही.

अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात दुसरा एक दाखला मिळतो. सूर्य-चंद्रांचे तेज झाकणाऱ्या चार गोष्टी तेथे सांगितल्या आहेत: ढग, धुके, धूर व धूळ, आणि राहू. श्रमणांचे तेज झाकणाऱ्या चार दोषांची तुलना त्यांच्याशी केली आहे. मद्यपान, कामाचार, सोन्यारुप्याचा स्वीकार आणि मिथ्या आजीविका, हे ते दोष होत. ग्रहण येथे ढग आणि धुक्याच्या पंक्तीत बसले आहे. खरे लांछन आचरणात आहे, आकाशात नाही, हा त्या उपमेचा रोख आहे.

परंतु सर्वांत स्पष्ट वचन दीघनिकायातील आहे. ब्रह्मजालसुत्त व सामञ्ञफलसुत्त यांत शीलांची जी दीर्घ यादी येते, तिच्यातील महासीलात चंद्रग्रहण, सूर्यग्रहण व नक्षत्रग्रहण यांची भाकिते करून आणि त्यांची शुभाशुभ फळे सांगून पोट भरणे, ही हीन विद्या म्हणून गणली आहे. श्रद्धाळू लोकांचे अन्न खाऊन त्यांनाच भय घालणारे काही श्रमण-ब्राह्मण त्या काळीही होते, आणि श्रमण गोतम अशा उपजीविकेपासून दूर आहेत, असे ते वचन सांगते. सुरियसुत्तातील कथा आणि महासीलातील हा निषेध यांत बुद्धवचन कोणते, असा प्रश्न कोणी विचारील. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्याची कसोटी दिलीच आहे. जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत असेल तेच बुद्धाचे म्हणून स्वीकारावे, आणि अद्भुतावरील विश्वास हा धम्म नव्हे, असे त्यांनी स्पष्ट बजावले आहे.

ठाऊक असूनही

ग्रहणाचे कारण या देशात कोणास ठाऊकच नव्हते, असे नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीया'त सांगितले, की चंद्र सूर्याला झाकतो तेव्हा सूर्यग्रहण होते आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते तेव्हा चंद्रग्रहण होते. वराहमिहिरालाही सहाव्या शतकात हे माहीत होते. त्याने राहूचे कारण नाकारले, आणि तरीही त्याच ग्रंथात ग्रहणाची फळे विस्ताराने दिली. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने तर राहूला नाकारणारे श्रुती-स्मृतींच्या विरुद्ध बोलतात, असा आक्षेप घेतला. स्वतःचे गणित मात्र त्याने चंद्राच्या आणि पृथ्वीच्या छायेवरच मांडले. सुमारे १०३० मध्ये अल्बेरुणीने भारतविषयक आपल्या ग्रंथात नेमक्या या दुटप्पीपणावर बोट ठेवले आहे. इतका मोठा गणिती सत्य जाणत असूनही रूढीपुढे का वाकला, याचे त्यास आश्चर्य वाटले.

आम्हांस त्याचे आश्चर्य वाटत नाही. सत्य पोथीत राहिले आणि भय गावात राहिले, कारण भयावर अनेकांची उपजीविका अवलंबून होती. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आहे, आणि चंद्रापेक्षा तो सुमारे चारशे पट दूरही आहे. म्हणून आकाशात दोघे जवळजवळ सारख्या आकाराचे दिसतात आणि एक दुसऱ्यास झाकू शकतो. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर अमावास्येला ग्रहण होत नाही. जेथे चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो, त्या दोन बिंदूंनाच राहू आणि केतू अशी नावे आहेत. आकाशातील दोन गणिती बिंदूंना जात चिकटवून त्या जातीच्या हातात झोळी द्यावी, हे खगोलशास्त्राचे काम नव्हे. ते समाजव्यवस्थेचे काम होते.

गुंटूर, विजयदुर्ग, जेऊर

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया दक्षिण भारतावरून गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसतानाही त्या ज्वाला पाहता येतात हे दाखवून दिले. मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी हैदराबाद संस्थानातील वनपर्ती येथून ते ग्रहण पाहिले. या ग्रहणाच्या वेळी वर्णपटात आढळलेली एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तिच्यावरूनच पुढे हेलियम हे नाव आले, आणि १८९५ मध्ये रॅम्झी यांनी तो वायू पृथ्वीवरही शोधून काढला.

या संदर्भात एक दुरुस्ती करणे अवश्य आहे. हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावर नॉर्मन लॉकयर यांनी लावला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते, आणि किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' त्याची खूण म्हणून दाखविले जातात. वस्तुतः लॉकयर १८६८ मध्ये इंग्लंडमध्येच होते. त्या वर्षीच्या २० ऑक्टोबरला त्यांनी तेथूनच, ग्रहणाविना, सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. कोकणच्या किल्ल्याला त्यामुळे काही कमीपणा येत नाही. आम्ही हे सांगतो ते एवढ्यासाठी, की दुसऱ्याच्या पुराणाला आम्ही जी कसोटी लावतो तीच आमच्या आवडत्या आख्यायिकेलाही लावली पाहिजे.

१८९८ चे ग्रहण महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष होते. छाया कोकणच्या किनाऱ्यावर चढली आणि सोलापूर जिल्हा व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तळ दिला होता. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही तेथेच उतरले होते. वऱ्हाडात पुलगावजवळच्या तळणी स्थानकापाशी माँडर दांपत्य होते. ॲनी माँडर यांनी एका लहानशा कॅमेऱ्याने तेथून सूर्याच्या प्रभामंडलातील लांबवर पसरलेल्या किरणाचे छायाचित्र घेतले, आणि ते पुढे प्रसिद्धीस आले. ज्या काळी आपल्या देशातील बहुसंख्य स्त्रियांना ग्रहणात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची बंदी होती, त्या काळी वऱ्हाडच्या माळावर एक स्त्री सूर्याचे छायाचित्र घेत होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या दुपारी पूर्ण अंधार सुमारे दोन मिनिटे टिकला. दुष्काळ नुकताच सरला होता आणि प्लेगची साथ चालू होती. जेऊर-तळणीच्या आसपासच्या गावांत 'दे दान' ही हाळी त्या दिवशी उठली नसेल, असे मानण्यास काहीच कारण नाही. दुर्बीण आणि झोळी एकाच छायेत उभ्या होत्या. दुर्बिणीला काय दिसले त्याचे अहवाल छापले गेले. झोळीवाल्यांनी वर मान करून पाहिले की नाही, हे विचारण्यास कोणी गेले नाही. भीमराव आंबेडकर तेव्हा पुरते सात वर्षांचेही नव्हते.

झोळी सुटली ती कशी

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि गावचे उष्टे-शिळे तुकडे सोडा, असे बजावले. त्या सांगण्याचा अर्थ भाकरीच्या तुकड्यापुरता नव्हता. ज्या घेण्याने माणूस घेणाऱ्याच्या स्वतःच्याच नजरेत लहान होतो, ते घेणे सोडा, असा तो उपदेश होता. ग्रहणाचे दान हे त्यांपैकीच होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने या सोडण्याला धम्माचा आधार मिळाला, आणि १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गावकी वतने रद्द झाल्यावर गावकीचा दोरही तुटला.

हे सर्वत्र एका दिवसात घडले नाही. झोळी टाकण्यासाठी पोटाला दुसरा आधार लागतो, आणि तो प्रत्येक घरात सारख्या वेळी आला नाही. दीक्षेनंतरही काही वृद्ध माणसे ग्रहणात गावात जात, आणि घरातील शिकलेली मुले त्यांच्याशी भांडत. 'आजे, सूर्याला कोणी धरलेले नाही' असे सांगणाऱ्या नातवाला 'मग इतकी वर्षं आम्ही काय खोटं ओरडलो?' असा प्रश्न आजीने केला, अशी हकिकत आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकली आहे. त्या प्रश्नाला उपहासाने उत्तर देणे सोपे होते. पण ते अन्यायाचे झाले असते. आजी खोटे ओरडत नव्हती. तिच्याकडून ते ओरडवून घेतले जात होते.

१९८० ची दुपार आणि १९९५ ची सकाळ

झोळी गेली म्हणून भय गेले, असे मात्र झाले नाही. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवार-अंकोल्यापासून रायचूर-हैदराबादच्या परिसरावरून कोणार्क-पुरीपर्यंत खग्रास ग्रहण दिसले. महाराष्ट्रात ते खंडग्रास होते. त्या दुपारी आम्ही लहान होतो. मुंबईचे रस्ते ओस पडले होते. दूरदर्शनने लोक घरात राहावेत म्हणून चित्रपट दाखविला, ही आठवण आजही सांगितली जाते. आमच्या वस्तीत तेव्हा घराघरांत बाबासाहेबांची तसबीर होती आणि राहूचे नाव कोणी घेत नव्हते. तरीही खिडक्यांना पोती लावलेली होती आणि गरोदर बायकांना आडव्या खोलीत बसविले होते. कारण विचारले तर उत्तर मिळे, 'डोळे जातात.' जुन्या भयाने विज्ञानाचे वस्त्र पांघरले होते.

डोळ्यांना धोका असतो, हे खरेच आहे. पण तो ग्रहणाचा नसून सूर्याचा असतो. एरवी प्रखर सूर्याकडे आपण टक लावून पाहूच शकत नाही. ग्रहणात तेज कमी वाटते म्हणून माणूस पाहत राहतो, आणि उघडी राहिलेली कोर डोळ्याच्या पडद्याला भाजते. त्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून इजा तेव्हाच ध्यानात येत नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची जुनी फिल्म, बादलीतील पाणी ही साधने निर्धोक नाहीत. खात्रीचा सौरचष्मा वापरावा, अथवा पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यावी. सूर्य पूर्णपणे झाकला गेला असेल, तेवढ्या क्षणांतच उघड्या डोळ्यांनी पाहता येते. घरातील अन्नाला, पाण्याला किंवा पोटातील मुलाला मात्र त्या छायेपासून काहीही होत नाही.

हे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचले तेव्हा काय घडले, ते २४ ऑक्टोबर १९९५ रोजी दिसले. त्याच्या सुमारे महिनाभर आधी, २१ सप्टेंबरला, गणपतीची मूर्ती दूध पिते म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. आणि दिवाळीच्या त्या सकाळी तोच देश चष्मे घेऊन गच्चीवर उभा होता. राजस्थानातील नीम का थाना येथून आग्र्याजवळून बंगालमधील डायमंड हार्बरपर्यंत खग्रास ग्रहणाचा पट्टा गेला. पूर्ण अंधार फार वेळ टिकला नाही, परंतु दूरदर्शनने तो घरोघरी दाखविला. विज्ञान चळवळीतील आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी गावोगावी ग्रहण पाहण्याचे कार्यक्रम घेतले.

आम्ही त्या सकाळी मुलांसह विहाराच्या अंगणात जमलो होतो. चष्मे थोडे होते, पाहणारे पुष्कळ. एका मुलीने प्रथम दाखविले, की बोधिवृक्षाच्या पानांतून भिंतीवर पडणारे उन्हाचे कवडसे गोल राहिलेले नाहीत. प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला आहे. पानांमधील प्रत्येक फट म्हणजे एक बारीक छिद्र, आणि प्रत्येक कोर म्हणजे त्या क्षणीच्या सूर्याची प्रतिमा. सगळी भिंत कोरींनी भरली होती. एक वृद्ध उपासिका मागे उभी होती. तिच्या हाती चष्मा दिला तेव्हा ती प्रथम मागे सरली. मग तिने पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाली, 'एवढंच होतं होय?' त्या तीन शब्दांत समाधान होते आणि संतापही होता. तिने बालपणी ती हाळी दिली होती, हे तिने आम्हांस नंतर सांगितले.

आजचे ग्रहण

येथे इतिहास संपला, असे म्हणता येत नाही. २६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणाच्या वेळी शेजारच्या कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात अपंग मुलांना बरे करण्यासाठी गळ्यापर्यंत मातीत पुरल्याच्या बातम्या आल्या. ज्यांनी हे केले ते निर्दय नव्हते. ती आपल्या मुलांसाठी झुरणारी, वैद्यकीय उपाय न मिळालेली गरीब माणसे होती. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु कायदा माणसाला घराबाहेर आणून आकाश दाखवू शकत नाही. ते काम शेजाऱ्यांचे, शाळांचे आणि विहारांचे आहे.

धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. ये आणि पाहा, असे जो सांगू शकतो, तो धम्म. ज्या समाजाला ग्रहणात मान खाली घालून मागण्यास लावले, त्याने ग्रहणात मान वर करून पाहणे, हे त्या शब्दाचे साधे आचरण होय. २ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून खंडग्रास ग्रहण दिसेल, तेव्हा पावसाळी ढगांनी वाट दिली तर पाहावे. २० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाची छाया लडाखच्या बौद्ध भूमीवरून जाणार आहे. त्या दिवशी आपापल्या विहाराच्या अंगणात चष्मे ठेवावेत, पुठ्ठ्यांना छिद्रे पाडून ठेवावीत, गरोदर लेकी-सुनांना हाताला धरून बाहेर आणावे, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती पहिला चष्मा द्यावा. तो मान त्यांचा आहे.